कानाकडून पडद्याकडे : मोर्स, एफटी८ आणि पालघरचा चौकोन

१४ ऑगस्ट १९४२ च्या पालघर गोळीबारावरील मागील धाग्याखाली एका वाचकाने विचारले होते : "त्या दिवसांत तारा तोडल्या जात होत्या, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, मग बातमी पुढे जायची कशी?" मी तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले. ते उत्तर अपुरे होते, आणि गेल्या महिन्यात बोईसरला एका निवृत्त रेडिओ अधिकाऱ्यांकडे घालवलेल्या दुपारीनंतर ते मला चुकीचेही वाटू लागले आहे. म्हणून हा धागा. लांब आहे, आणि मध्येच माझी मतेही येतील. ती पटलीच पाहिजेत असे नाही.

आधी १९४२. पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, हे आपल्या तालुक्यातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. त्याच ऑगस्टच्या अखेरीस, येथून शंभर किलोमीटरच्या आत, मुंबईत ४२.३४ मीटरवर एक आवाज उमटू लागला : काँग्रेस रेडिओ. त्यामागे असलेल्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. भाषणे, बातम्या, घोषणा हे सारे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले. परंतु ध्वनिक्षेपक भाषणांनी चालत नाही. त्यासाठी मुंबईतल्या हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे आजच्या भाषेत 'हॅम' मंडळींचे, तांत्रिक ज्ञान लागले. नरिमन प्रिंटर हे त्यांतील ठळक नाव. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने थांबवले होते आणि यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे आदेश निघाले होते. छंद एका रात्रीत गुन्हा झाला होता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला आणि तो आवाज थांबला.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे अशी एक गोष्ट आहे. काँग्रेस रेडिओवरून नेमके काय बोलले गेले, हे आज आपल्याला बऱ्याच तपशिलाने कळते. कारण ते पोलीस रोज ऐकत होते आणि उतरवून घेत होते. खटल्यात पुरावा म्हणून जमवलेले ते कागद पुढे अभ्यासकांचे साधन झाले. हवेत विरून जाणारा शब्द ज्याने चोरून ऐकला, त्याच्याच दप्तरात तो टिकला. रेडिओच्या इतिहासाचा हा विचित्र नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मूळ विषय. हौशी रेडिओबद्दल अलीकडे जे काही लिहिले जाते त्यात एक वाक्य ठरलेले असते : जुना मोर्स गेला, नवे डिजिटल आले. या वाक्याला माझा आक्षेप आहे. मोर्स हीच मुळात डिजिटल पद्धत आहे. प्रवाह चालू किंवा बंद, यांशिवाय तिच्यात तिसरे काही नाही. टिंबाच्या तिप्पट लांबीची रेघ, अक्षराच्या आतील चिन्हांमध्ये एका टिंबाएवढी विश्रांती, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या 'ई'ला एकच टिंब, कारण जे वारंवार लागते ते छोटे असावे. १९९८ च्या सुमारास पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमने पीएसके३१ नावाची संगणकी पद्धत तयार केली, तेव्हा अक्षरांना संकेत देताना त्यांनी नेमके हेच तत्त्व वापरले : वारंवार येणारे अक्षर आखूड, क्वचित येणारे लांब. दीडशे वर्षांनी संगणक त्याच शहाणपणाकडे परतला.

मग बदलले काय? बदलला तो ऐकणारा. मोर्समध्ये संकेताचा उलगडा माणसाच्या कानात होतो. नव्या पद्धतींत तो यंत्रात होतो आणि माणूस पडद्यावर उमटलेला निकाल वाचतो. या बदलाचे खरे नाव 'कानाकडून पडद्याकडे' असे आहे. हे नाव घेतले की लाभ-हानीचा हिशेब वेगळा दिसू लागतो.

बोईसरच्या त्या दुपारीकडे येते. काका व्यापारी जहाजांवर रेडिओ अधिकारी होते. जहाजावर या पदाला 'स्पार्क्स' म्हणत. ऐंशीच्या घरातले, ऐकू थोडे कमी येते. त्यांनी टेबलावर बोटाने माझे नाव वाजवून दाखवले आणि मला काहीच कळले नाही, तेव्हा हसून म्हणाले, "अगं, मोजू नकोस. टिंबे मोजणारा कधी शिकत नाही. गाण्याचा ठेका मोजून कळतो का?" मोर्स हा ठेका आहे, लिपी नव्हे, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले. आपल्याकडच्या जुन्या पिढीने तारेला 'कडकट्ट' हे नाव दिले ते उगाच नव्हे. त्यांना ते ऐकूच येत होते. रेल्वे स्थानकावरच्या तारमास्तरांच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला अर्थ कळत नसे, पण घाई कळत असे.

काकांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. जहाजांवरच्या रेडिओ खोलीत जे घड्याळ असे, त्याच्या तबकडीवर दोन लाल पट्टे रंगवलेले असत : पंधरा ते अठरा मिनिटे आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटे. दर तासाला त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झ या संकट-लहरीवर जगातल्या प्रत्येक जहाजाने गप्प बसायचे आणि फक्त ऐकायचे. एखाद्या बुडत्या नौकेची क्षीण हाक मोठ्यांच्या गलबल्यात हरवू नये म्हणून ही सक्ती. काका म्हणाले, "निवृत्त होऊन किती वर्षे झाली, पण सव्वा वाजला की अजून मी बोलायचा थांबतो." मी घड्याळ पाहिले. खरेच थांबत होते.

१ फेब्रुवारी १९९९ पासून सागरी संकटव्यवस्था उपग्रह आणि स्वयंचलित संदेशांवर पूर्णपणे गेली, आणि मोर्स जाणणारा अधिकारी जहाजावर अनावश्यक ठरला. पोटापाण्याचे मोर्स येथे संपले. उरले ते हौशी लोकांकडे. भारतात तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिथला मोर्स त्याआधीच टेलिप्रिंटर आणि संगणकाने हटवला होता, हे त्या वेळच्या हळव्या लेखांत बहुतेकांनी सांगितले नाही.

हौशी लोकांत मोर्स टिकले त्यामागे प्रेम होते तसा कायदाही होता. आंतरराष्ट्रीय नियमानुसार, लघुलहरींवर प्रक्षेपण करू इच्छिणाऱ्या हौशी माणसाला मोर्सची परीक्षा द्यावी लागे. २००३ च्या जिनिव्हा परिषदेत ही सक्ती उठली आणि निर्णय प्रत्येक देशावर सोपवला गेला. ब्रिटनने त्याच वर्षी अट काढली; अमेरिकेने २००७ मध्ये. भारताने मात्र ती सर्वस्वी सोडली नाही. जुन्या नियमांत श्रेणीनुसार मिनिटाला पाच ते बारा शब्दांचा वेग लागे. पुढच्या सुधारणांनंतर दोन श्रेणी राहिल्या : मोर्सविना मिळणारी मर्यादित, आणि मिनिटाला आठ शब्दांचे मोर्स मागणारी सर्वसाधारण. पहिलीत शक्ती आणि लहरी कमी, दुसरीत अधिक.

जगाने सोडलेली अट आपण का धरून ठेवली? एक उत्तर 'नोकरशाहीची सवय' हे आहे, आणि ते बरेचसे खरे आहे. मला ही अट चुकीची वाटते. ज्या कौशल्याची गरज राज्याला स्वतःला उरलेली नाही, त्याची चाळणी नागरिकाला लावण्याचे समर्थन करता येत नाही. जव्हार किंवा तलासरीतल्या एखाद्या मुलाला शिकवणारा कोणी जवळ नसेल, तर आठ शब्दांचा वेग हा मुंबईतल्या मुलापेक्षा त्याला कितीतरी उंच डोंगर आहे.

हे मत मी काकांपुढे मोठ्या तोऱ्यात मांडले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि मला अडचणीत टाकले. म्हणाले, "मी मराठी शाळेतला. जहाजावर इंग्रजी बोलायला तोंड उघडले की समोरचा कप्तान हसायचा. पण किल्लीवर बोट ठेवले की जगात कोणी मला हसू शकत नव्हते. माझा हात ग्रीक माणसापेक्षा स्वच्छ होता." मोर्सला उच्चार नसतो, जातीचा हेल नसतो, गावचा ठसका नसतो. ध्वनीवर बोलणाऱ्या हॅमचे इंग्रजी तत्काळ ओळखू येते आणि त्यावरून त्याची किंमतही ठरते. आठ शब्दांची परीक्षा ही त्या अर्थाने इंग्रजी मुलाखतीपेक्षा न्याय्य होती. मी माझे मत मागे घेतलेले नाही, अट नसावीच. परंतु 'मोर्स म्हणजे उच्चभ्रूंचे कुंपण' हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही.

काकांनी 'हात' हा शब्द वापरला, त्यावर थोडे थांबते. किल्ली दाबणाऱ्या प्रत्येकाची लय निराळी असते. सरावलेल्या कानाला संदेश कोणाचा हे नाव येण्यापूर्वीच कळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश श्रोत्यांनी जर्मन तारायंत्रींना या हातावरून ओळखले आणि त्यांची केंद्रे कोठून कोठे सरकली याचा माग काढला. म्हणजे मोर्समध्ये अक्षरांबरोबर माणूसही जात होता.

आता पडद्याकडे. २०१७ मध्ये एफटी८ नावाची पद्धत आली. तिच्या कर्त्यांपैकी एक जो टेलर, ज्यांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरे स्टीव्ह फ्रँके. ही पद्धत आज लघुलहरींवर सर्वत्र पसरलेली आहे आणि तिची करामत थक्क करणारी आहे. काळाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे पाडायचे. एका तुकड्यात एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे, मग उलट. ७७ बिटांचा संदेश, त्याला चुका दुरुस्त करणारे जादा बिट जोडलेले, आठ निरनिराळ्या स्वरांत सुमारे पन्नास हर्ट्झच्या अरुंद पट्टीत पाठवला जातो. कसलेल्या कानाला जेथे नुसती खरखर ऐकू येते, तेथून संगणक नाव उचलून दाखवतो. गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या तारेएवढ्या अँटेनावरून, दिव्याच्या बल्बाएवढ्या शक्तीवर, बोईसरहून ब्राझीलशी संपर्क होऊ शकतो. मर्यादित परवान्याच्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे नाकारणारा माणूस मत्सरी म्हणावा लागेल.

आणि त्या घड्याळाची आठवण झाली का? पंधरा सेकंद बोल, पंधरा सेकंद ऐक. जहाजांवरची ती सक्तीची शांतता येथे नियमाच्या पोटात शिरून बसली आहे. फरक इतकाच की तेव्हा माणूस गप्प बसत असे, आता यंत्र बसते.

एफटी८ मध्ये आपण कोठे आहोत हे चार अक्षरांनी सांगतात. पृथ्वीचे चौकोन पाडलेले आहेत : दोन अंश रेखांश रुंद, एक अंश अक्षांश उंच. आपला चौकोन 'एमके६९'. त्यात पालघर, बोईसर, तारापूर, जव्हार, ठाणे, कल्याण आणि मुंबईची उपनगरे येतात. १९ अंशांची रेषा ओलांडली की दक्षिण मुंबई 'एमके६८' मध्ये जाते. म्हणजे दादर आमच्याकडे आणि फोर्ट पलीकडे! चर्चगेटला रोज धक्के खात जाणाऱ्या पालघरकराला हा नकाशा मनापासून आवडेल.

परंतु या चौकोनातून आपण बोलतो काय? एका प्रमाणित संपर्कात नाव, चौकोन, आवाज किती जोरात आला त्याचा आकडा, 'मिळाले' आणि '७३', म्हणजे नमस्कार. बस्स. मनातले लिहायचे झाले तर एका संदेशात तेरा खुणा, त्याही रोमन अक्षरे, अंक आणि थोडी विरामचिन्हे यांतूनच. इंग्रजीत 'ब्रिज वॉश्ड' एवढे लिहिले की मधल्या मोकळ्या जागेसह बरोबर तेरा खुणा संपतात. कोणता पूल, हे सांगायला चौदावी नाही.

हे उदाहरण मी गंमत म्हणून घेतलेले नाही. आपला जिल्हा २०१४ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या एका टोकाला तारापूरचे अणुवीज केंद्र आहे, १९६९ पासून चालू. अशा केंद्राभोवती आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र सोळा किलोमीटरपर्यंत आखलेले असते आणि बोईसर त्यात येते. शेजारी रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्याने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सोसली; लोक घराबाहेर तंबूत झोपले. किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, डहाणूची कोळी गावे, वादळाच्या वाटेवर. मोबाइलचे मनोरे विजेवर चालतात आणि वीज सर्वांत आधी जाते, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही.

अशा वेळी हौशी रेडिओने काय केले याचा दाखला महाराष्ट्राला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम मंडळी यंत्रे घेऊन तेथे गेली होती. २००१ मध्ये भुजला तेच. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात दूरसंपर्काच्या मोहिमेवर होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि हौसेचे केंद्र तासाभरात संकटकेंद्र झाले. या तिन्ही ठिकाणी काम झाले ते प्रामुख्याने बोलून. कोण जिवंत आहे, कोणते औषध हवे, कोणता रस्ता तुटला, हे सांगायला वाक्ये लागतात.

म्हणून मला चिंता वाटते ती मोर्स जाण्याची नाही, बोलण्याची सवय जाण्याची. परवाना घेऊन पाच वर्षे झालेला, शंभर देशांशी संपर्क नोंदवलेला, पण ध्वनिवर्धकाचे बटण दाबून अनोळखी माणसाला सलग तीन वाक्ये न सांगितलेला हॅम आज शक्य आहे. तो दोषी नाही. पद्धतच त्याला तसे घडवते. अंतर हे एफटी८ चे उद्दिष्ट आहे आणि ते तिने अप्रतिम साधले. संकटात मात्र ब्राझील नको असते, बोईसरहून पालघर हवे असते.

डिजिटल पद्धतींतच याची उत्तरे आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१८ मध्ये जॉर्डन शेरर यांनी एफटी८ च्याच पायावर जेएस८कॉल तयार केली. तीत क्षीण लहरींवरूनही हवी तेवढी लांब वाक्ये टंकून पाठवता येतात, सावकाश का होईना. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात केंद्र उभे राहिले तर तेथे एफटी८ बरोबर हे आणि साधे ध्वनिसंभाषणही आठवड्यातून एकदा व्हावे. आणि कोपऱ्यात एक किल्लीही असावी. स्मृतीसाठी नव्हे. मोर्सचे यंत्र मूठभर सुट्या भागांतून घरी जोडता येते, त्याला संगणक लागत नाही, आणि एफटी८ ला लागते तसे सेकंदाच्या आत जुळवलेले घड्याळही लागत नाही. ते घड्याळ आपण बहुतेक वेळा इंटरनेटवरूनच जुळवतो, आणि ज्या दिवशी यंत्राची खरी गरज पडेल त्या दिवशी इंटरनेट असेलच असे नाही.

भाषेचा एक मुद्दा राहिला. १९४९ मध्ये देवनागरी तारा स्वीकारण्याची सोय सुरू झाली. त्यासाठी आपल्या अक्षरांना मोर्सचे संकेत ठरवण्यात आले होते. नव्या राष्ट्राला वाटले की कडकट्टाने आपल्याही लिपीत बोलावे. एफटी८ च्या त्या तेरा खुणांत 'अ' नाही. देवनागरीत जाणारी क्षीण लहरींची पद्धत कोणी करू म्हटले तर अशक्य नाही. अभियांत्रिकीच्या वाचकांपैकी कोणाला प्रकल्प हवा असेल तर हा घ्या.

आता सुरुवातीचा तो नियम. मोर्सचे संभाषण हवेत विरत असे. उरत असे ती नोंदवही आणि टपालाने येणारे क्यूएसएल कार्ड, संपर्काची पोचपावती. एफटी८ चे उलट आहे. जगभरची ग्राहक केंद्रे ऐकलेले प्रत्येक नाव आपोआप इंटरनेटवर नोंदवतात. कोणत्या क्षणी एमके६९ मधला आवाज कोठे पोचला, हे सेकंदासह मिळते. १९४२ च्या पोलिसांनी हेवा करावा असे दप्तर! पण शंभर वर्षांनी ते उघडणाऱ्या संशोधकाला त्यात एकही वाक्य सापडणार नाही. काकांच्या एका नोंदवहीत मात्र, १९७० च्या दशकातल्या एका रात्रीच्या रकान्यात, वेळ आणि लहर यांच्या पुढे पेन्सिलीने लिहिले आहे : 'समोरच्याला मुलगी झाली'.

ती वही मी छायाचित्रित केली आहे. वसई ते डहाणू पट्ट्यात कोणाच्या घरी अशा नोंदवह्या, क्यूएसएल कार्डे, तारमास्तर आजोबांची किल्ली किंवा जहाजावरची कागदपत्रे असतील तर मला निरोप पाठवा. वस्तू देऊ नका, घरीच राहू द्या. मी डहाणू लोकलने येईन, छायाचित्रे घेईन आणि परत जाईन. ओल लागलेली वही असली तरी फेकू नका. पावसाळ्यापूर्वी पाहता आली तर बरे.